वस्तीवरचं चौथं कुत्रं

माझ्या माहेरचं कुत्रं माझ्यामागून सासरी आलं, तेव्हा लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. आलं म्हणजे आप्पा, माझे वडील, त्याला घेऊन आले. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत एस्टी, पुढे मिळेल ते वाहन, आणि शेवटी खुटबावच्या पाटाकडेनं पायी. आप्पा शिरूरच्या एस्टी डेपोत मेकॅनिक होते, म्हणून कंडक्टरनं कुत्र्याला हरकत घेतली नाही. घेतली असती तर त्याची गाडी मागच्या आठवड्यात कुणी दुरुस्त केली होती, हे आप्पांनी अख्ख्या एस्टीला ऐकवलं असतं. आम्हा बापलेकींचा स्वभाव एकच. आधी भडकायचं, मग विचार करायचा.

कुत्रं लहानखुरं, पांढरं, केसाळ होतं. बदली होऊन गेलेल्या एका साहेबानं ते आमच्याकडे सोडलं होतं. साहेबानं ठेवलेलं नाव आईच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला पिल्लू म्हणायला लागलो, आणि पुरतं वयात आलं तरी ते पिल्लूच राहिलं. आईची मांडी, आप्पांची खाट आणि माझे पाय एवढंच त्याचं जग. गल्लीतली कुत्री खरुजी, भांडखोर, म्हणून आम्ही त्याला गल्लीत कधी सोडलंच नाही. बाहेर न्यायचं तर काखोटीला मारून न्यायचं. त्यामुळे दुसऱ्या कुत्र्याशी कसं वागतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी सासरी आले आणि त्यानं अन्न टाकलं. आई म्हणाली, रुसलंय, येईल ताळ्यावर. मग केसांखालून बरगड्या हाताला लागायला लागल्या, तेव्हा आप्पांनी रजा टाकली.

आमचं सासरचं घर गावाबाहेर, पाटाच्या कडेला, आपल्याच दोन तुकडे जमिनीत. घरात सासू-सासरे, म्हणजे आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्या आणि मामा, आणि आम्ही दोघं. मामा रेल्वेत गँगमन होते, आता घरीच शेती बघत. हे दौंडला रेल्वेत, पाळी असेल तसे घरी येणार. मी केडगावच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. रोज सकाळी पाटाकडेनं चालत खुटबाव स्टेशन गाठायचं, शटल धरायची, पुढच्याच स्टेशनावर उतरायचं. याशिवाय घरात एक म्हैस होती आणि दारात तीन कुत्री. तांबडी म्हातारी कुत्री, आणि तिचेच दोन लेक, एक काळा, एक बांडा, म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेला.

आप्पा पाटावरून खाली उतरले आणि तिन्ही कुत्री सुटली. आप्पांनी पिल्लू उचलून थेट खांद्यावर घेतलं. पिल्लू खांद्यावरून असं भुंकत होतं, की जणू सगळी वस्ती त्याच्या नावावर आहे. तांबडीनं उडी घेतली ती त्याच्यासाठी, पण दात बसले आप्पांच्या पँटीत. मामा काठी घेऊन धावले, कुत्री हाकलली, आणि मग व्याह्यांना जयभीम घातला. आप्पांनी एका हातानं फाटकी पँट धरून दुसऱ्या हातानं जयभीम केला. मला हसावं की रडावं कळेना.

आत्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि पिल्लूकडे बघत म्हणाल्या, "घरचं झालं थोडं आन् याह्यानं धाडलं घोडं म्हंत्यात. तुम्ही घोडं तरी धाडायचं."

सगळे हसले, आप्पा सोडून. पिल्लू मात्र माझ्या मांडीवर चढलं आणि मी हातावर चुरून दिलेली भाकरी त्यानं बघता बघता संपवली. मग अजून मागितली. आप्पा बघत होते. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग जरासा पडला, हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला. "पाव्हणं, आमचं घर सदा उघडं. समदी रानात असत्यात, सूनबाई शाळंत. कोंडून ठिवायचं कुत्रं हितं न्हाई चालायचं, कवातरी दार उघडं ऱ्हाईल आन् ही त्याला फाडत्याल. दिवाळीपत्तूर बघू. या तिघांत मिसळलं तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर तुम्ही घिऊन जा."

यात चुकीचं काही नव्हतं, म्हणूनच मला राग आला. परत गेलं तर ते पुन्हा अन्न सोडणार, इथं राहिलं तर त्याचे लचके तोडले जाणार. नव्या सुनेनं सासऱ्यापुढे बोलायचं नसतं म्हणून मी बोलले नाही, फक्त कपबश्या जरा मोठ्यानं आपटल्या. आप्पा दिवाळीनंतर येतो म्हणून गेले.

पहिले काही दिवस पिल्लू मागच्या खोलीत, सरपणाशेजारी, कडी लावून. मी शाळेत गेले की ते रडायचं, आणि संध्याकाळी आत्या मला त्या रडण्याचा साग्रसंगीत वृत्तांत द्यायच्या. पण आत्या नुसत्या तक्रारी करणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांना प्रत्येक गोष्टीवर इलाज सुचायचा. आमच्या म्हशीनं त्याच साली रेडकू जवळ घेतलं नव्हतं. तेव्हा आत्यांनी रेडकाच्या अंगाला मीठ आणि पीठ चोळलं होतं. म्हशीनं मिठासाठी जीभ लावली, चाटता चाटता पान्हा फुटला, आणि रेडकू तिचं झालं. गुराढोरांच्या घरात हा इलाज सगळ्यांनाच ठाऊक. आत्यांचं म्हणणं, जनावर ते जनावर. जीभ लागली की माया लागते.

मी शिकलेली बाई. मी नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगते, मला ते पटलं. रेडकाचं काम माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. रविवारी आम्ही दोघींनी पदर खोचून पिल्लूला ताकात कालवलेलं ज्वारीचं पीठ आणि मीठ चोळलं. वर आत्यांनी, हात सैल म्हणून, जरा लोणीही लावलं. मग त्याला अंगणात ठेवलं आणि मामांनी तिघांना हाक मारली.

आरंभ तर फार छान झाला. तिन्ही कुत्री आली, हुंगलं, आणि चाटायला लागली. आत्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पिल्लू थिजून उभं होतं. मग लोणी जास्त होतं त्या जागी, म्हणजे मानेपाशी, काळा आणि बांडा एकदमच पोचले. दोघं एकमेकांवर गुरगुरले, मध्ये तांबडीनं तोंड घातलं, आणि पिल्लूनं घाबरून तिच्या नाकाचा कडकडून चावा घेतला. पुढे काय झालं ते नीट दिसलंच नाही, एवढा पिठाचा धुरळा उडाला. पिल्लू म्हशीच्या गव्हाणीखालून निघालं तेव्हा त्याच्या डाव्या कानाचा तुकडा गेला होता. आणि तिन्ही कुत्री एकमेकांशी भांडत उसात गेली, ती अंधार पडेपर्यंत परत आली नाहीत.

आत्या कानाला हळद दाबत म्हणाल्या, "रेडकू चावत न्हाई गं. ह्ये चावलं. त्यात माझी काय चूक?"

मी पिल्लूच्या केसांतलं पीठ झटकत राहिले. 

मग माझी पाळी. मी माझ्या धंद्याप्रमाणे शिस्तीवर भर दिला. चार ताटल्या रांगेत मांडायच्या, पिल्लूला कडेवर घ्यायचं, आणि तिघांना भाकरी घालताना त्यांच्या नजरेसमोर त्यालाही घालायची. एका पंगतीत जेवले की जवळ येतात, असा माझा सिद्धान्त. पंगतीत भांडणंही होतात, हे मी सोयीस्करपणे विसरले होते. तिघं भाकरी सोडून माझ्या कडेकडे उड्या मारायचे आणि पिल्लू वरून त्यांना शिव्या घालायचं. माझ्या दोन पातळांचे काठ त्यात गेले.

एका संध्याकाळी हे पाळीवरून घरी आले, आणि खाटेवर बसून हा तमाशा बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "तू कडंवर घेतलंस की त्ये वाघ होतंय. खाली ठिवलं की मांजर. त्या तिघांनी कुणाशी वळख करायची?"

मी त्या रात्री त्यांच्याशी बोलले नाही. बोलणं खरं होतं, म्हणूनच. मला त्याला खाली ठेवण्याची भीती वाटत होती. सासरी माझं असं एवढंच होतं. बाकी घर चांगलं होतं, माणसं मायेची होती, पण ती सगळी एकमेकांची आधीपासूनची होती. हे पांढरं चिमूटभर जनावर तेवढं माझं होतं. त्याला काही झालं असतं तर मी त्या घरात नीट रमले असते की नाही, कुणास ठाऊक.

घडलं ते माझ्या हुशारीनं घडलं नाही. शाळेला जायला मला उशीर झाला होता. एका हातात वह्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात डबा आणि छत्री. मी पाटाच्या काठाला लागले आणि मागून घुंगरासारखी बारीक धाप ऐकू आली. आत्यांनी सरपण काढायला कडी उघडली होती आणि पिल्लू निसटलं होतं. त्याच वेळी समोरच्या काठावर तिघं दिसली. ती रोजच त्या काठानं मला मोरीपर्यंत, म्हणजे पाटावरच्या बारक्या पुलापर्यंत, सोडायला यायची. पाट तिथं फार रुंद नाही, पण उडी मारता येण्याएवढा अरुंदही नाही, आणि पाणी भरून वाहत होतं.

सिग्नल पडलेला लांबून दिसत होता. परत फिरावं तर शटल जाणार. पिल्लूला उचलावं तर हात मोकळा नाही. मी जीव मुठीत धरला आणि झपाझप चालत राहिले. पिल्लू माझ्या टाचेशी, ती तिघं पलीकडच्या काठानं, आमच्या बरोबरीनं. काळा एकदा गुरगुरला. पिल्लू एकदा भुंकलं. पण सगळेच पुढे चालले होते, आणि चालता चालता भांडायला कुणालाच सवड नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी एकमेकांकडे बघणंही सोडलं. चौघांची नाकं पुढे होती.

मोरीपाशी तिघं थांबली. तिथून पुढे गावातल्या कुत्र्यांची हद्द. आमच्या गावात माणसांच्या हद्दी होत्या तशा कुत्र्यांच्याही होत्या, आणि खरं सांगायचं तर कुत्री त्या बाबतीत जास्त सभ्य होती. ती निदान जात तरी विचारत नव्हती. तांबडी पलीकडे बसली. पिल्लू अलीकडे उभं राहून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, "बस." माझ्या आवाजाला पहिली-दुसरीची पोरं घाबरतात, पण ते कधी घाबरलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते बसलं. मी पळत जाऊन शटल धरली.

दिवसभर मी पोरांना काय शिकवलं मला आठवत नाही. बेरजा फळ्यावर लिहून ठेवल्या आणि पुसायला विसरले. परतताना स्टेशनावरून मोरीपर्यंत मी जवळजवळ धावतच आले. तिघं पाटाच्या त्या काठावर, पिल्लू या काठावर, बाभळीखाली गाढ झोपलेलं. दिवसभर ते घरी आलं नव्हतं, हे आत्यांनी नंतर सांगितलं. ती तिघंही इथंच होती की माझ्या वेळेला परत आली होती, मला माहीत नाही.

त्यानंतर मी कडी लावणं बंद केलं. आत्या म्हणाल्या, बघ हां बाई.  रोज सकाळी पाटाच्या या काठानं आम्ही दोघं आणि त्या काठानं ते तिघं, असा आमचा लवाजमा निघायचा. ना खाणं, ना लाड, नुसतं चालणं. वाटेवरची माणसं चेष्टा करायची, "मास्तरीणबाई, शाळा हितंच भरली का?" काही दिवसांनी पाटाचं आवर्तन संपलं, पाणी उतरलं, आणि एका सकाळी बांडा चिखल तुडवत आमच्या काठावर आला. आम्हाला मागे टाकून पुढे चालायला लागला, जसं काही तो पहिल्यापासून इथूनच चालत होता. पिल्लूनं त्याच्या शेपटीचा वास घेतला. बांड्यानं घेऊ दिला. काळा दोन दिवसांनी आला.

तांबडी शेवटी आली, आणि ती वास घेऊ देणाऱ्यातली नव्हती. मी शाळेतून परतत होते. मोरीच्या अलीकडे ती सरळ पिल्लूवर गेली, खांद्यानं त्याला पाडलं आणि वर उभी राहिली. तिचे दात त्याच्या गळ्यापाशी होते. मी छत्री उगारली. आणि का कोण जाणे, ती तशीच हातात राहिली. ह्यांचं ते बोलणं आठवलं असेल. मी छत्री खाली केली, दोन्ही हात मागे बांधले, आणि उभी राहिले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ कामं केली, पण हात मागे बांधून उभं राहण्याएवढं अवघड काम दुसरं केलं नाही. पिल्लू उताणं पडलं. पोट वर, पाय दुमडलेले, कुईसुद्धा नाही. तांबडी गुरगुरली, मग गुरगुरणं थांबलं. तिनं त्याच्या फाटक्या कानाचा वास घेतला आणि बाजूला होऊन घराकडे चालायला लागली. पिल्लू उठलं, अंग झाडलं, आणि माझ्याकडे न बघता तिच्यामागून गेलं. मी मोरीवर बसून पोटभर रडले. आनंदाचं रडू होतं ते, पण त्यात थोडा मत्सरही होता, नाही कशाला म्हणू.

त्या दिवसापासून ते अंगणात झोपायला लागलं. पांढरा रंग गेला, मातकट झाला. केसांत गोखरू. डुकरं उसात शिरली की चौघं एकदम उठायची, आणि सगळ्यात बारीक आवाज सगळ्यात पुढे असायचा. मामा शेजाऱ्यांना सांगायचे, "आमची चार कुत्री हायेत." मी ते 'चार' ऐकलं तेव्हा भाकरी थापत होते. ती भाकरी करपली.

दिवाळी झाली आणि आप्पा आले. लांबून पाटावर माणूस दिसला तशी चौघं सुटली, आणि आप्पांच्या अंगावर सगळ्यात आधी भुंकत गेलं ते आमचं पिल्लू. आप्पा जागीच थांबले. घरी मारायचे तशी हळू शीळ घातली. पिल्लू थबकलं, हुंगलं, आणि मग त्याला वेडच लागलं. गोल गोल धावलं, लोळलं, आप्पांच्या तोंडापर्यंत उड्या मारल्या. आप्पा धुळीतच बसले. तांबडी आली, तेव्हा पिल्लू तिच्या आणि आप्पांच्या मध्ये शेपूट हलवत उभं राहिलं. तिनं आप्पांना हुंगलं आणि सोडून दिलं. पँट या खेपेला वाचली.

चहा पिताना मामा म्हणाले, "मिसळलं बरं का पाव्हणं. झ्याक मिसळलं."

आप्पा 'व्हय की' म्हणाले आणि बशीत बघत राहिले. मी त्यांच्या शेजारी बसले होते म्हणून मला ऐकू आलं. "तुझ्या आईला सांगून आलो हुतो, घिऊन येतो म्हणून. घर लई गप झालंय गं. मला वाटलं, न्हाई मिसळायचं त्ये. खरं सांगू का, तसंच व्हावं म्हणत हुतो." आणि मग स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "काय ही बापाची जात."

पिल्लूनं माझ्या मांडीवर बसून भाकरी खाल्ली होती, त्या दिवशी आप्पांचा चेहरा का पडला होता, ते मला आत्ता कळलं. इतके दिवस मी कुत्र्याच्या भुकेची काळजी करत होते. घरात माझ्यामागे आणखी कोण नीट जेवत नसेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मामांनीही ते ऐकलं असावं. ते म्हणाले, "न्या की. कुत्रं तुमचंच हाय. मी आपलं बोललो हुतो." आत्यांनी पदर तोंडाला लावला. मी कपबश्या उचलल्या, या खेपेला अगदी हळू. 

आप्पा उठले, निघतो म्हणाले. लेकीच्या घरी मूल होईपर्यंत मुक्काम करायचा नाही, हा आमच्याकडचा जुना दंडक. धम्म घेतल्यावर आमच्या घरांनी कितीतरी जुनं सोडलं, हे तेवढं कुठल्या फटीत राहून गेलं होतं. आप्पा पाटाला लागले, तसं पिल्लू उड्या मारत त्यांच्याबरोबर निघालं. थोडं पुढे गेलं असेल, तोच उसाकडून तांबडीचं भुंकणं आलं, मागोमाग दोघांचं. पिल्लू वाटेत उभं राहिलं. आप्पांकडे बघितलं, उसाकडे बघितलं. एक हाक, एक शीळ पुरली असती. आप्पांनी मागे वळून त्याला पाहिलं, पण हाक मारली नाही. तोंड फिरवून चालायला लागले, नेहमीपेक्षा जरा भरभर. पिल्लू उसात धावलं.

मी दारातून पळत सुटले. सुनेनं असं पळायचं नसतं, पण त्या घरानं तोवर माझं बरंच काही बघितलं होतं. मीच हाक मारली. "आप्पा, आज ऱ्हावा."

ते थांबले.  मग डोळे पुसून वळले आणि म्हणाले, "ऱ्हातो. आता एस्टी चुकलीच असंल."

ऊन अजून पाटावर होतं. शिरूरची शेवटची गाडी चौफुल्यावरून कितीला सुटते, हे ज्या माणसाला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं, त्याच्याकडे बघून मी म्हटलं, "व्हय आप्पा, चुकलीच."